अक्का आणि भोरड्या

अक्कांचं बोट ओठांवर गेलं की आम्ही सगळे जागच्या जागी थांबायचो. "हयू बोला, पाव्हना शेतस," त्या पुटपुटायच्या. आयुष्य दवाखान्यात नर्स म्हणून गेलेलं. निवृत्तीनंतर त्यांनी मेहरूण तलावाचाच वॉर्ड करून टाकला होता. थंडीत आलेले पाहुणे पक्षी फाल्गुनात परतायला लागतात, तेव्हा दर रविवारी सकाळी आम्हा हौशी मंडळींची फेरी निघायची. चिवड्याची पिशवी जराशी वाजली तरी अक्का अशा बघायच्या की चिवडा मुकाट्याने परत झोळीत.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी करडी बाई असेलच. आमच्या अक्का मात्र फेरीत मागे राहिलेल्या माणसासाठी दुर्बीण धरून थांबायच्या.

मग त्यांना ऐकू येईनासं झालं. कानाला यंत्र लावून पाहिलं, तर वाऱ्याने त्यात नुसती घरघर. आम्ही त्यांच्याशी मोठ्याने बोलायचो, आणि नकळत त्यांचाही आवाज चढत गेला. एका सकाळी काठावर धोबी पक्ष्यांचा थवा उतरला. "कितला देखना शेतस!" अक्का म्हणाल्या आणि सगळा थवा भुर्रकन उडाला. आमचे चेहरे त्यांना दिसले.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. मी घरी गेले. "मन्हामुये तुमना पाखरे उडी जातस. मी आते नही येस," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. मला रडू आवरेना.

शेवटी भोरड्या मदतीला आल्या. भोरड्या म्हणजे गुलाबी अंगाच्या मैना. आपल्याकडून निघण्याआधी त्या शेकड्यांनी फुललेल्या सावरीवर जमतात आणि असा कलकलाट करतात की खाली कुणी ओरडलं तरी त्यांना पत्ता नसतो. पाचोऱ्याच्या रस्त्याला असं एक झाड होतं. नाही नाही म्हणणाऱ्या अक्कांना आम्ही जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं.

झाडाखाली त्या तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. बोला, असं मी हाताने खुणावलं. त्या भीत भीत एक वाक्य बोलल्या. मग दुसरं, जरा मोठ्याने.

"एक बी पाखरू नही उडनं!" त्या माझ्या कानाशी ओरडल्या आणि मग सुटल्याच. माझा दंड धरून, हसत, मधेच डोळे पुसत बोलत राहिल्या. त्या गोंगाटात मला एक शब्द कळत नव्हता. मी मान डोलावत राहिले.

त्याच आठवड्यात भोरड्या गेल्या. पुढचा फाल्गुन यायच्या आत अक्काही गेल्या. त्या सकाळी त्या मला इतकं काय सांगत होत्या, ते विचारायचं राहूनच गेलं.