पहिली पदं

कृष्णकांत देशकर सरांना कोणी नावं ठेवली की मी भांडायला उठते. आणि कोणी त्यांचं फार कौतुक करायला लागलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं. दोन्ही खरं आहे, त्याला माझा इलाज नाही.

सर महाल भागातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवायचे. काटकुळा देह, बाहेर सोडलेला हाफ शर्ट, खिशात स्वतःचे खडू, कारण कॉलेजच्या खडूंचा म्हणे भुगा होतो. माझे वडील गणपतराव इतवारीत टेम्पो चालवायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मराठी शाळेतून एकदम इंग्रजी सायन्सला गेले आणि पहिल्याच चाचणीत पन्नासपैकी नऊ गुण मिळाले. पेपर दप्तरात कोंबला आणि ठरवून टाकलं, उद्यापासून आर्ट्‌स.

त्याच तासाला सरांनी फळ्यावर आकड्यांची एक रांग लिहिली. पाचशे, उणे सत्तर, बारा, मग एक चतुर्थांश, एक पंचमांश, एक षष्ठांश आणि पुढे टिंबं. "ही रांग कुठं चालली?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी शून्याच्या थोडी वर एक आणि थोडी खाली एक अशा दोन रेघा मारल्या.

"ही गल्ली. किती अरुंद करायची ते तुम्ही सांगा. कितव्या पदापासून पुढचे सगळे आकडे गल्लीत येतात, ते मी सांगतो."

कोणी शतांश म्हणालं. सर म्हणाले, एकशे एकाव्या पदापासून पुढे बघ, एकही बाहेर नाही. कोणी सहस्रांश म्हणालं. एक हजार एकाव्यापासून. आम्हाला चेव आला, गल्ली बारीक बारीक करत नेली, पण सर काही हरेनात. "म्हणून या रांगेची सीमा शून्य," ते म्हणाले. "कितीही बारीक गल्ली द्या, शेवटी सगळे आत."

आमच्यातला दुर्गेश जरा आगाऊ. तो म्हणाला, "पण सर, ते पाचशे अन् उणे सत्तर तं गल्लीच्या पार बाहेर हायेत ना?"

सरांनी डस्टर घेतलं नाही. ते पहिले तीन आकडे तळहातानंच पुसले. "यांच्या जागी काहीही लिहा. लाख लिहा. सीमा बदलून राहिली का? नाही. सुरुवातीच्या पदांना मत नसतं. रांग पुढं कुठं चालली तेवढं पाहायचं." आणि मग माझ्याकडे बघत, "चाचणीत आपटलेल्यांनीही हे लिहून घ्या."

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. "काहून रडून राहिली? पहिलं पद होतं हे. टाक पुसून." घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "सर म्हणून राहिले तं शिक वं पोरी. मले काय समजते त्यातलं." मी शिकले. आज नंदनवनातल्या एका शाळेत गणित शिकवते, आणि माझ्या वर्गातही नापास पोरं सरांचं ते पुसून टाकायचं वाक्य ऐकूनच बाहेर पडतात. दुर्गेश दोनदा बारावी नापास झाला होता. आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि दर गुरुपौर्णिमेला सरांना फोन करतो.

आता दुसरी बाजू. त्याच चाचणीत विहंगला अकरा गुण होते. विहंग म्हणजे सरांचा मुलगा, आमच्याच वर्गात, माझ्या मागच्या बाकावर. पेपर वाटताना सरांनी त्याचा पेपर उंच धरला होता. "पाहा, गणिताच्या मास्तरच्या घरी काय पिकलं!" वर्ग खदखदून हसला. त्यानंतर अर्ध्या तासानं तो रांगेचा धडा झाला. तो विहंगनंही ऐकला. गल्ली, रेघा, तळहात, सगळं.

पुढच्या चाचणीत विहंगनं एक्केचाळीस काढले. सर म्हणाले, "कोणाचं पाहून लिहिलं?" हे त्यांनी वर्गात विचारलं. विहंगनं मग गणितात जीव घातलाच नाही. डिप्लोमा केला, लिफ्टच्या कंपनीत लागला, पुढे स्वतःचा धंदा काढला. बेसा आणि मनीषनगरात जे उंच उंच टॉवर झालेत, त्यातल्या कितीतरी लिफ्ट विहंगची माणसं सांभाळतात. पण सरांच्या तोंडी तो कायम अकरा गुणांचाच. शेजारी विचारोत, पाहुणे विचारोत. "त्याचं गणित अकरावीतच संपलं," असं हसत सांगायचे. सुहासिनी काकू, म्हणजे सरांची बायको, तेव्हा मुकाट्यानं स्वयंपाकघरात जायच्या.

काकू गेल्या त्याला चार वर्षं झाली. तेराव्याला पंगतीत किती पानं मांडायची यावरून चर्चा चालली होती. विहंग म्हणाला, साठ मांडा. आणि बायको जाऊन तेराच दिवस झालेला हा माणूस भटजींना म्हणतो, "त्याला नका विचारू, अकरा गुणवाला आहे तो." विहंग सुतक फिटल्याचं गंध न लावताच निघून गेला. तेव्हापासून त्यानं बापाच्या घराची पायरी चढली नाही. महिन्याचं सामान येतं, डॉक्टर येतो, बाई कामाला येते, सगळं विहंगच बघतो. फक्त तो येत नाही.

यंदा सरांना पंच्याहत्तर पूर्ण झाली. आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी सत्काराचं ठरवलं. सरांना विचारलं, काय हवं? शाल नको, श्रीफळ नको, म्हणाले. मग खाली बघत बोलले, "विहंग येतो का पाहा. मी फोन केला तर उचलत नाही. आता किती दिवस राहिले माझे?" त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, आणते. पण सर, अकराचं नाव काढायचं नाही. त्यांनी माझा हात धरून शब्द दिला.

विहंगला भेटायला त्याच्या ऑफिसात गेले. तो ऐकून घेत होता, ग्रीस लागलेलं बोट फडक्याला पुसत.

"सोनिका, तुले नऊ होते. मले अकरा. तुझे माझ्या बाबानं पुसले. माझे अजून फळ्यावर आहेत."

फडकं खाली ठेवून तो म्हणाला, "नूपुर विचारत राहते, आजोबा कसे आहेत म्हणून. तिच्यासाठी येतो. आणि तू म्हणते म्हणून." नूपुर त्याची मुलगी, चौथीत आहे.

महालातला हॉल भरला होता. एकेक जण माईकवर येत होता आणि फिरून फिरून तेच सांगत होता, सरांनी आमची पहिली पदं पुसली. दुर्गेश तर रडला. सर सुंदर बोलले, अगदी त्या जुन्या तासासारखे. शेवटच्या रांगेत विहंग नूपुरला घेऊन बसला होता. मी अर्धं लक्ष स्टेजवर आणि अर्धं त्याच्यावर ठेवून होते.

कार्यक्रम संपला. सांबारवडीच्या ताटल्या फिरायला लागल्या. विहंग पुढे आला, वाकला, बापाच्या पाया पडला. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, जमलं. देवा, जमलं एकदाचं.

मग सरांनी नूपुरला जवळ ओढलं. भोवती आम्ही सगळे. "काय वं पिल्लू, गणित येतं का?" ती म्हणाली, आवडतं. "शाब्बास! बापावर नको जाऊ हं. तुझ्या बापाला अकरावीत किती होते माहीत आहे? अकरा!"

लोक हसले. ज्यांची ज्यांची पहिली पदं सरांनी पुसली होती, ते सगळे हसले. नूपुरनं वर बापाकडे पाहिलं. त्यानं तिचा हात धरला, तिच्या हातातली ताटली खुर्चीवर ठेवली आणि दोघं गेले. मी मागं धावले, तोवर गाडी वळणाच्या पार गेली होती.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. मी भांडायलाच गेले होते, उगाच गोड कशाला बोलू? सरांनी मलाच विचारलं, "काहून निघून गेला तो? जेवलाही नाही."

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"अगं, गंमत केली मी. पोरीशी गंमत नाही करायची का?"

"आमची सगळ्यांची पहिली पदं पुसलीत. माझे तर त्याच्यापेक्षा कमी होते. मग त्याचीच काहून ठेवली?"

सरांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, आणि मी मनातल्या मनात मवाळही झाले. पण ते रडले नाहीत. वैतागून म्हणाले, "तुमचं पुसायला माझं काय जात होतं? तुम्ही पाच वाजता आपापल्या घरी जात होता."

आतून बाईनं चहा आणून ठेवला. पंचवीस वर्षं ज्या एका वाक्यावर मी उभी होते, ते सरांना फुकट पडलं होतं. त्यात माझं असं काही नव्हतंच. मी चहा न घेता उठले. दारातून वळून नेहमीसारखी पाया पडले नाही, आणि सरांच्या ते लक्षातही आलं नाही.