ट्रामोरच्या उन्हात नागपूरची इज्जत

जूनमध्ये हवामानखात्यानं सत्तावीस डिग्री जाहीर केले, वर इशाराही दिला, आणि आयर्लंडमधलं आमचं अख्खं किलकेनी वेडं झालं. सत्तावीसचा इशारा! "आमच्या नागपुरात एवढ्यात लोक स्वेटर घालतात," मी म्हणालो. झालं, केतकी भडकली. बायको माझी पुण्याची.

"लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय! चल ट्रामोरच्या समुद्रावर, दिवसभर उन्हात बस. भाजलास, तर या घरात नागपूरच्या उन्हाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल!" माघार घेतली असती तर राहिलं असतं काय आमच्याकडे?

शनिवारी सकाळीच निघालो. शेजारच्या नोराआजींनाही सोबत घेतलं. मोटरवेनं वॉटरफर्ड, तिथून ट्रामोर, तासाभराचा रस्ता. पण ऊन पडलं असेल तर लवकर पोहोचा, नाहीतर पार्किंग शोधण्यातच दिवस जाईल. तिथले गरम चिप्स व्हिनेगर मारूनच खा. एका पुड्यात दोघांचं भागतं.

किनाऱ्यावर माणसं पापडांसारखी वाळत पडलेली, मधूनच उलटत होती. कित्येक पोरींचा रापलेला रंग तर बाटलीतून चोपडलेला, घोट्यांपाशी केशरी ओघळ आलेला.

"हे वेड आलं कुठून हो?" मी नोराआजींना विचारलं.

"माझी आई टोपीशिवाय शेतात जायची नाही," त्या म्हणाल्या. "रापलेली मान म्हणजे मजुरी. मग लोक सुट्टीला स्पेनला जायला लागले. तिथून कोणी रापून आलं की अख्खी गल्ली जळायची. आम्हाला कुठलं स्पेन? आम्ही परसात स्वयंपाकाचं तेल चोळून पडायचो!"

मग त्यांनी क्रीम पुढे केलं. "लाव रे बाळा."

"नको, आय ॲम ग्रँड," इथल्या लोकांसारखं मी म्हणालो, म्हणजे मला काही होत नाही. मी ऐटीत टी-शर्ट काढून पालथा पडलो. वारा इतका गार, की ऊन लागतंय हे कळेचना. डोळा लागला.

जागा झालो तर केतकी फोटो काढत होती. "काही झालेलं नाही," मी ठणकावलं. गाडीत पाठ टेकून सीटबेल्ट लावला आणि बोंबललो.

घरी पाठीवर दही थापता थापता तिनं विचारलं, "फोडणी देऊ?" नोराआजी म्हणाल्या, "काय सुंदर रंग आलाय!" खरं सांगतो, पाठीपेक्षा इज्जत जास्त चुरचुरत होती.

रविवारी बाबांचा नागपूरहून व्हिडिओ कॉल आला. शेवटची आशा! "बाबा, हिला सांगा, शेहेचाळीस डिग्रीत आपण कसे राहतो ते."

"कसे म्हणजे? दहा वाजता खिडक्या लावतो, कूलर चालू करतो, पाच वाजेस्तोवर झोपतो," बाबा म्हणाले. "उन्हात कोण जाते बे? येडा झाला का?"

केतकीनं दह्याचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. तेच जास्त लागलं.

ट्रामोरला जरूर जा, समुद्र फार देखणा आहे. क्रीम न्या. माझ्या पाठीची सालं आठवड्यात निघाली. काल ऑफिसात कोणीतरी कपाळ पुसत म्हणालं, "काय हे ऊन!"

"हो ना," मी म्हणालो, आणि पंखा माझ्याकडे वळवून घेतला.