न तपासलेला पहिला नग

आमच्या ग्रुपला आता बरीच वर्षं झाली, म्हणून सगळ्यांनी मला त्याच्या आठवणी लिहायला सांगितल्या. "काका, पहिल्या नगाची पद्धत तुमचीच, तुम्हीच लिहा." मी दोनदा लिहून काढलं आणि दोन्ही वेळा एक प्रसंग वगळला. खरं तर सहा वर्षं तो मी वगळतच आलोय. बायकोलाही सांगितलेला नाही. कुणी विषय काढलाच तर "त्या दोघा भावांचं आपसात फाटलं" एवढं बोलून मी पुढे जातो. ते खोटं नाही. पण ते का फाटलं हे त्या दोघांनाही माहीत नाही. मला माहीत आहे. या वेळी तो प्रसंग लिहितोय, आणि तो काढू नका असं आधीच सांगून ठेवलंय.

मी पिंपरीतल्या एका कंपनीत बत्तीस वर्षं क्वालिटीला होतो. नवा लॉट लागला की मशीनवरून उतरलेला पहिला नग माझ्या टेबलावर यायचा. मी तो व्हर्नियरने मोजायचो, गेज लावायचो, कागदावर सही करायचो, आणि मगच पुढचे नग निघायचे. सही होईपर्यंत ऑपरेटर मशीनला हात लावत नसे. न मोजता सही केली म्हणून एका इन्स्पेक्टरला साहेबांनी सगळ्यांसमोर मशीन शॉपमधून बाहेर काढलेलं मी पाहिलंय. मला त्याची कीवसुद्धा आली नव्हती.

निवृत्तीनंतर मुलाचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे आला आणि मी एका ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागलो. ते फुकट मिळतं. कुणा एका कंपनीचं नाही. जगभरची माणसं मिळून ते लिहितात आणि कुणालाही आतून उघडून बघता येतं. नवी आवृत्ती पक्की होण्याआधी ते लोक एक कच्ची आवृत्ती सोडतात. वापरून बघा, दोष सापडले तर कळवा, असा त्यांचा शिरस्ता. आपल्याकडच्या लहान वर्कशॉपवाल्यांना हे सोयीचं होतं, पण अडलं तर विचारायचं कुणाला, आणि तेही इंग्रजीत? त्यातून आमचा मराठी ग्रुप निघाला. तीसेक जण. हिंजवडीतली आयटीची पोरं, भोसरी-चिखलीचे वर्कशॉपवाले, आणि माझ्यासारखे दोन-तीन रिटायर. एरवी फोनवर मेसेज चालायचे, आणि रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही भेटायचो.

पहिल्या नगाची पद्धत मी तिथे आणली. कच्ची आवृत्ती आली की आधी एकाने, बहुतेक वेळा मीच, ती आपल्या कॉम्प्युटरवर चढवायची, दोन दिवस जुन्या फाइली उघडून मापं ताडायची, आणि मग ग्रुपवर लिहायचं, "पहिला नग ओके." तोवर बाकीच्यांनी थांबायचं.

पोरं हसली. "काका, आमच्याकडे टेस्टिंगला अख्खी टीम आहे, तरी चुका सुटतात."

"त्या टीममध्ये सही कोण करतं?" मी विचारलं.

पद्धत सुरू झाली आणि लोक निर्धास्त झाले. कच्च्या आवृत्तीच्या पहिल्याच पडद्यावर लिहिलेलं असतं की कामाच्या कॉम्प्युटरवर ही वापरू नका. आमच्यातलं कुणी ते वाचेनासं झालं. वाचायची गरजच काय, काका बघतात ना.

चिखलीतले ते दोघे भाऊ, आमच्या ग्रुपमधलेच, जुन्या शेतकरी घरातले. वावरातच वर्कशॉपचं शेड टाकलेलं. थोरला ऑर्डरी आणायचा, धाकटा मशीन चालवायचा. धाकटा तेव्हा चाळिशीचा, अबोल, आणि कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला एकट्याने बसून शिकलेला. हा एक दिवस वेगळं शेड टाकणार, असं गावात लोक उगाच बोलत. ते थोरल्याच्या कानावर होतं.

त्या वर्षी आलेल्या कच्च्या आवृत्तीत ड्रॉइंगवरून थेट मशीनचा प्रोग्राम निघणार होता. थोरल्याला ती घाईने हवी होती. पहिला नग तपासायची पाळी माझी होती.

माझ्या कॉम्प्युटरवर ती आवृत्ती उघडलीच नाही. पडद्यावर एक ओळ यायची आणि सगळं बंद. कॉम्प्युटर जुना होता, दुसरं काही नाही. तसं ग्रुपवर लिहायला एक मिनिट लागलं असतं, दुसऱ्या कुणीतरी तपासलं असतं. पण आदल्याच रविवारी एकजण म्हणाला होता, "काका, ते मशीन आता म्युझियमला द्या राव." सगळे हसले, मीही हसलो, आणि घरी येईस्तोवर ते हसणं मला टोचत राहिलं. म्हणून मी गप्प बसलो. काय काय बदललंय त्याची यादी वाचली. त्यात वावगं दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी थोरल्याचा फोन आला. "काका, झालं का? म्हाळुंग्याच्या कंपनीचा लॉट लावायचाय."

"झालंच," मी म्हणालो, आणि फोन ठेवून ग्रुपवर लिहिलं, "पहिला नग ओके."

खाली लगेच कुणीतरी टाकलं, "काकांचा शिक्का बसला. चढवा डोळे झाकून."

दहा दिवसांनी म्हाळुंग्याहून तो सगळा लॉट परत आला. लोखंडी पट्ट्या होत्या. त्यांची भोकं डाव्या कडेपासून मोजून पाडायची, ती उजव्या कडेपासून मोजली गेली होती. दोन्हीकडच्या अंतरात फरक दीड मिलिमीटरचा, त्यामुळे पडद्यावर चित्र पहिल्यासारखंच दिसायचं. धाकट्याने नग मोजला होता, पण समोरच्या ड्रॉइंगशी ताडून, आणि बदललेलं होतं ते ड्रॉइंगच.

थोरल्याने मला शेडवर बोलावून घेतलं, घरातल्या वडीलधाऱ्याला निवाड्याला बोलवावं तसं. परत आलेल्या पट्ट्यांचे क्रेट दारातच होते.

"काका, तुमीच सांगा," तो म्हणाला. "ड्रॉइंग बदललंय. त्या कॉम्प्युटरवर बसतं कोण? म्या न् ह्यो."

"म्या हात न्हाई लावला, दादा," धाकटा म्हणाला. "नवीन टाकल्यावर आपोआप झालंय."

"आपोआप! भूत हाय व्हय त्यात? काकांनी पास केलंय ते. का मुद्दाम केलंस? ऑर्डर माझ्या हातनं जावी न् तुझ्या नव्या शेडला मिळावी म्हणून?"

"दादा, कुठलं शेड? काय बोलतोस?"

थोरला तोंड फिरवून उभा राहिला. धाकटा माझ्याकडे वळला. त्याने आवाज चढवला नाही.

"काका, तुमी सोता जुनी फाइल उघडून बघितली व्हती ना?"

"बघितली."

"मापं ताडली?"

"ताडली. माझ्याकडे व्यवस्थित चालतंय."

जे माझ्याकडे एकदाही उघडलं नव्हतं, ते मी व्यवस्थित चालतंय म्हणून सांगितलं. त्याला शंका आली असं मला वाटलं नाही. उलट, आपलंच कुठे चुकलं ते तो आठवू पाहत होता. मग त्याने चिंधीला हात पुसले, व्हर्नियर डबीत ठेवला, डबी बंद करून टेबलावर ठेवली आणि बाहेर पडला. तो परत त्या शेडमध्ये आला नाही.

"बघा," थोरला म्हणाला, "तोंड ऱ्हायलं न्हाई बोलायला."

पुढे महिन्याभराने त्या सॉफ्टवेअरच्या दोषांच्या यादीत परदेशातल्या कुणीतरी नेमकं हेच लिहिलं. जुनी फाइल कच्च्या आवृत्तीत उघडून जतन केली की भोकांची मापं दुसऱ्या कडेपासून धरली जातात. चार दिवसांत दुरुस्ती आली. दुरुस्त्यांची यादी मराठीत करून ग्रुपवर टाकायचं काम माझंच होतं. मी तीही केली. ती ओळ सातवी घातली, वर सहा आणि खाली पाच बारीकसारीक दुरुस्त्या. शब्दही असे निवडले की वाचणाऱ्याला भोकं आठवू नयेत. "जुन्या फाइलींमधील संदर्भविषयक त्रुटी दूर केली." लोकांनी खाली पसंतीचे अंगठे टाकले. थोरल्यानेही टाकला. सॉफ्टवेअरने कुणाला फसवलं नव्हतं. त्याने आपला कच्चेपणा पहिल्याच पडद्यावर लिहून ठेवला होता, आणि चूक चारचौघांत कबूल करून दुरुस्तही केली होती.

मी एकदा थोरल्याकडे सांगायला गेलो. मनाशी वाक्यं जुळवून गेलो होतो. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "काका, तुमी व्हता म्हणून मला घरातलं माणूस वळखू आलं. सख्खा भाऊ, पण घात करणार व्हता." मशीनवर दुसराच माणूस होता. धाकट्याची व्हर्नियरची डबी होती तिथेच, खिडकीखालच्या टेबलावर, धूळ खात. मी चहा प्यायलो. त्याच्या पोरांच्या शाळेची चौकशी केली आणि निघालो.

धाकटा भेटला तो गेल्या वर्षी, चिखलीच्या चौकात. अंगात कंपनीचा शर्ट, शिफ्टच्या बसची वाट बघत उभा. माझं लक्ष नव्हतं. त्यानेच हाक मारली.

"काका, बरं हाय का? ग्रुप चालू हाय का अजून?"

"आहे. तू कुठे असतोस?"

"चाकणला. क्वालिटीत घेतलंय मला. पहिला नग मीच बघतो." तो जरासा हसला. "दोनदा मोजतो. एकदा हात पोळलाय ना."

"दादाकडे जातोस का?"

"न्हाई. त्यो बोलत न्हाई. आईच्या वर्षश्राद्धालाबी वेगळ्या पंगतीला बसवलं." मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "काका, त्या फाइलीत म्या काय केलं, आजूनबी कळलं न्हाई बघा. लई आठवून बघितलं."

बस आली. त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तेवढ्यात सांगता आलं असतं. बस थांबली होती, ड्रायव्हर कुणाशी तरी बोलत होता, घाई नव्हती. माझ्या तोंडून निघालं, "जप स्वतःला."

सांगायचं होतं ते एवढंच होतं. तू काहीच केलं नाहीस. ती फाइल मी उघडलीच नव्हती. तुझ्या भावासमोर मी खोटं बोललो. मला माफ कर.