बुद्धपौर्णिमेचा सिलोनी भात

आम्ही बौद्ध झालो, त्यानंतरची पहिली बुद्धपौर्णिमा परळच्या चाळीत आली. सिलोनच्या एका भिक्खूंकडून आईने तिकडचा या सणाचा भात शिकून घेतला होता. दूध नाही, तूप नाही. नुसत्या नारळाच्या रसात शिजवायचा, परातीत थापून वड्या पाडायच्या आणि सोबत मिरचीची चटणी.

शेजारच्या कोकणातल्या काकूंकडे आई त्या वड्यांची ताटली घेऊन गेली. काकूंनी हात पुढे केला नाही. "उंबऱ्यापाशी ठेव," म्हणाल्या.

थोड्या वेळाने मी मोरीवर गेले, तर सगळा भात तिथे ओतलेला. काकू ताटलीवर लांबूनच पाणी टाकत होत्या. "देव सोडलेत, आता सणही परक्यांचे," त्या मला ऐकू जाईल असं बोलल्या. मी घरी येऊन सांगितलं. आई गेली आणि ताटली उचलून घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच काकू दाराशी. "चल गो, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला बायका कमी पडतायत."

"मोर्चाला मी जाणारच आहे," आई म्हणाली. "तुमच्याबरोबर नाही."

ती एकटीच जिना उतरली. त्या घराशी आम्ही पुढे संबंध ठेवला नाही, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.