इंजेक्शन भरेपर्यंत पेशंट गायब

लोक म्हणतात, दवाखान्यात डॉक्टर सापडत नाहीत. अहो, लातूरला मी कॅज्युअल्टीत सिस्टर होते, तिथं पेशंट सापडत नसत! इंजेक्शन भरून मागं वळावं, तर कॉट रिकामी. असे इतके पळाले, की आता लग्नात पंगतीला बसले तरी शेजारची म्हणते, "सिस्टर, एखादा पळालेला सांगा ना!" आज हसू येतं. तेव्हा मात्र धास्ती असायची, एखादा खरंच रस्त्यात दगावला तर?

*

भूकंपानंतरचे दिवस. एकाला चौघांनी बाजेवर घालून आणलं. कंबर धरलेली, कूस बदलता येईना. तेवढ्यात बाहेरून भरलेला ट्रक गेला, खिडक्या थरथरल्या. "हालायलंय!" कुणीतरी ओरडलं. सगळी कॅज्युअल्टी रस्त्यावर! डॉक्टरसाहेबसुद्धा. आणि सगळ्यांच्या पुढं बाजेवरचा पेशंट!

आमचे वॉर्डबॉय शेख मामू शांतपणे म्हणाले, "साब, कमरवाले की छुट्टी कर दूं क्या?"

*

एका आजीच्या तोंडात थर्मामीटर दिलं. वळून बघते तर आजी गायब, थर्मामीटरही गायब! मामू स्टँडवर पळाले. आजी बसमध्ये खिडकीशी, ओठ घट्ट मिटून! काढायला लावलं तर मामूंवरच चिडली, "सिस्टर म्हणल्या, मी सांगेपर्यंत काढू नका. मग?"

*

पुढं क्लासेसची लाट आली. टेस्टच्या दिवशी आमच्याकडं पोटदुखीची लाईन! अर्धापूरचं एक पोरगं कॉटवर गडबडा लोळत होतं. त्याचा मित्र सायकलवर आला, दारातूनच ओरडला, "टेस्ट पुढं गेली रे!" मी सलाईन घेऊन येते, तर पोरगं डबलसीट पसार. त्याची आई मात्र कॉटवर चढून बसलेली.

"आलेच हाय तर माझं बीपी बघा, सिस्टर. ह्याच्यापायी लई वाढलंय!"

*

देवणीकडचा एक बाबा. मांडीला ही मोठी जखम, सोबत एक फेटेवाला.

"कशानं लागलं?"

"दार लागलं."

"दाराला शिंगं होती का, बाबा?"

बाबा मला डोळ्यांनी गप्प करायला बघत होता, पण फेटेवाला उठलाच. तो बाबाच्या बैलाचं गिऱ्हाईक निघाला! तो पुढं, अन् टाके न घालताच आमचा पेशंट लंगडत मागं. "अहो पाव्हणं, लई गरीब हाय हो बैल! मीच त्याच्या वाटेत आलतो!"

*

आणि ते एक शाळेचे गुरुजी! छातीत कळ, शर्ट घामानं ओला. ईसीजी बघून साहेबांचा चेहराच उतरला. "अ‍ॅटॅक आहे. लगेच आत घ्या."

गुरुजी उठून चपला शोधायला लागले! "घरी थोरलीला बघायला पाहुणे आलेत. चहापाणी उरकतो आन येतो." आधी दोन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं. बायको रडली, मामू दारात आडवे झाले. साहेबांनी कशीबशी एक गोळी जिभेखाली ठेवली, पण गुरुजी हाताला सुई लावू देईनात. शेवटी मीच ओरडले, "पाहुण्यांनाच इथं बोलवा!"

दोन रिक्षा भरून पाहुणे आले. मागून नव्या साडीत पोरगी, हातात पोह्यांचा डबा. बापाला बघितलं आणि डबा खाली आपटला. "लग्न गेलं खड्ड्यात! आधी आडवे व्हा, बाबा!"

पाहुण्यांसमोर असं बोलली! गुरुजींनी कपाळावर हात मारला. "हे बी मोडलं."

मुलाचे वडील पुढं आले. गुरुजींचा दंड धरून त्यांना कॉटवर बसवलं.

"व्याही, पोरगी काय सांगायलीय? व्हा आडवे गुमान. आम्हाला बी आता तिचंच ऐकायचंय!"