आधी ‘नाही’ म्हणून पाहा

या, असे जवळ सरकून बसा. दारात उभं राहून काय ऐकू येणार? आणि आधी एक सांगा, घरातल्या माणसांचे जुने एक्स-रे तुम्ही कुठे ठेवता? गादीखाली ना? नाहीतर कपाटावर, धूळ खात. मोठे शिकलेले लोक तुम्ही, आणि छातीचं पाकीट दुमडून गादीखाली सारता! रागावण्याचा हक्क मला तरी कुठला म्हणा. मी काय केलं होतं ते पुढे सांगतेच. पण आधी त्या माणसाचं सांगते, ज्याच्यावर मी चार वर्षं डोळा ठेवून होते.

कोणतीही वस्तू हातात आली की डॉक्टर ती आधी खिडकीकडे धरायचे. पळसाचं पान असो, पाकीट असो, लुगड्याचा काठ असो. पहिल्या दिवशी मी पापड दिला, तोही उजेडाकडे धरला. मनात म्हटलं, झालं, याला आपल्या पापडात किडे दिसले. तर म्हणतात कसे, “काकू, लाटणं एका बाजूला जड पडतंय तुमचं.” नवा भाडेकरू, आणि हे बोलणं!

जिल्हा तेव्हा नुकताच फुटला होता. गोंदिया तिकडे गेलं, आम्ही भंडाऱ्यात उरलो. कोणाचा कागद कोणत्या कचेरीत, कोणालाच ठाऊक नाही. तशात हे आमच्या समोरच्या दोन खोल्यांत राहायला आले. मागच्या अंगाला आमचा माग. आम्ही कोशाच्या रेशमाची लुगडी विणणारे लोक. डॉक्टर ‘मले’, ‘तुले’ न म्हणता ‘मला’, ‘तुला’ म्हणणारे, म्हणजे लांबचे. दवाखान्यात एक्स-रे, सोनोग्राफी पाहून लिहून द्यायचे, एवढंच त्यांचं काम. गोळी नाही, सुई नाही. शेजारची सिंधूबाई पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, “औषध देत नाही, तं मंग डॉक्टर कायचा वो?”

रविवारी मोटारसायकलच्या मागे पेटी बांधून ते खेड्यांकडे निघायचे. कधी बपेऱ्याकडे, कधी वरठीच्या कामगारांकडे. पेटीत एक छोटं यंत्र. बिड्या ओढणाऱ्यांच्या पायावर ते फिरवायचं, की त्यातून हुश्श हुश्श असा आवाज निघे. “ऐका, तुमचं रक्त चाललंय,” ते सांगायचे. आवाज बारीक झाला की डॉक्टरही बारीक व्हायचे. आमच्या यांच्याही पायावर एकदा फिरवलं. हे म्हणाले, “माग चालून राहिला जसा!”

इथवर ठीक होतं. पण प्रत्येक घरून उठताना त्यांचा एकच प्रश्न, “जुनी फिल्म आहे का?” दहा वर्षांपूर्वीची, वीस वर्षांपूर्वीची, कोणाचीही चालेल. अभ्यास करतोय म्हणे. छातीत गाठ दिसली, किंवा पायाची रक्तवाहिनी अरुंद दिसली, तर जुनं चित्र शेजारी ठेवून काय कळतं, कितीजणांची सुई आणि चिरफाड टळते, हा अभ्यास.

आता तुम्हीच सांगा, तुम्हाला पटलं असतं? एक्स-रेच्या फिल्ममध्ये चांदी असते. भंगारवाले उगाच नाही मागत. सिंधूबाईने तर निकालच लावला. “अभ्यास कायचा वो! फुकटात गोळा करून राहिला, अन् चांदी काढून राहिला.”

मी म्हटलं, “काढत असंल बापा.” आणि तेव्हापासून झाडू मारायच्या निमित्ताने त्यांच्या खोलीत डोकावू लागले.

त्यातच एके दिवशी ते मागाजवळ आले आणि खाली पडलेला लाल धागा मागू लागले. दिला मी. मग रात्रभर झोप नाही. लोकांच्या हाडांचे फोटो आणि लाल धागा! चांदीच बरी म्हणायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी दार अर्धं उघडं होतं. पाहते तर टेबलावर फिल्मची पाकिटं, दोन-दोन एकत्र, लाल धाग्याने बांधलेली.

मागून आवाज आला, “जोड्या आहेत काकू. एकाच माणसाची जुनी आणि नवी. एकट्या फिल्मवर भरवसा नाही ठेवायचा.”

मी झाडू आपटला आणि म्हटलं, “मी कुठं काही म्हटलं?”

सगळ्यात मोठा संशय आला तो अंगठ्यामुळे. फिल्म घेण्याआधी ते एक कागद वाचून दाखवायचे आणि सही किंवा अंगठा घ्यायचे. अंगठा म्हटला की आमच्याकडच्या माणसाला आधी अंगठा देऊन सावकाराकडे गेलेलं आपलं धुऱ्याजवळचं, बांधालगतचं धान आठवतं. एकदा बपेऱ्याचे एक म्हातारे बाबा आमच्या ओसरीवर आले होते. डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, “बाबा, आधी ‘नाही’ म्हणून पाहा.”

“कायले?”

“म्हणा तर.”

“नाही.”

“जरा मोठ्यानं. मी रागावतो का बघा.”

बाबा ओरडले, “नाही म्हणतो ना!”

“छान. आता वाटलं तर हो म्हणा, नाहीतर हेच राहू द्या.”

बाबांनी पाकीट बगलेत मारलं आणि सरळ रस्त्याला लागले. डॉक्टर त्यांच्या पाठीकडे पाहत हसले आणि वहीत लिहिलं, ‘नाही’. जसा काही हो मिळाला!

सिंधूबाई भिंतीआडून ऐकत होती. मला म्हणते, “जो माणूस नाही म्हणायले शिकवते, त्याच्या पोटात काही ना काही असतेच.” मलाही तसंच वाटलं. म्हणून माझी पाळी आली तेव्हा मी शिकवणीची वाट पाहिली नाही. त्या हिवाळ्यात मला खोकल्याने धरलं होतं, दवाखान्यात छातीचा फोटो निघाला, चांगला निघाला. डॉक्टरांनी विचारलं, “काकू, ही माझ्याकडे ठेवू?” मी म्हटलं, “नाही.” पहिल्याच फटक्यात, खणखणीत.

त्यांनी वहीत लिहिलं. फिल्म दोन्ही हातांनी परत दिली. “मग तुम्ही जपा. गादीखाली नको.”

मी जपली का? चार दिवसांनी भंगारवाला दारावर आला. म्हटलं, पाहू तरी चांदी खरी का खोटी. फिल्म दिली आणि स्टीलची वाटी घेतली. डॉक्टरांवर ज्याचा आळ घेत होते, ते मी स्वतः केलं. त्या वेळी मात्र मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

पुढच्या वर्षी यांना खोकला झाला. फिल्ममध्ये उजव्या बाजूला वर, सुपारीएवढा डाग. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर असू शकतो, छातीत सुई घालून तुकडा काढू, मग कदाचित ऑपरेशन. हे घरी आले आणि मागावर बसले. धोटा हातात, पण फेकत नव्हते. अर्धं लुगडं पुढ्यात. मला म्हणाले, “हे पुरं होते का नाही, कोण जाणे.” ज्या घरात दिवसभर खटखट, त्या घरात असा सन्नाटा मी कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी डॉक्टर आले. नवी फिल्म खिडकीकडे धरून पुष्कळ वेळ पाहिली. “काकांना तरुणपणी क्षय झाला होता ना? तेव्हाची फिल्म आहे का?”

मी म्हटलं, “नाही. केव्हाच फेकली.”

फेकली नव्हती. खोटं बोलले. शरम वाटली म्हणा, नाहीतर इतक्या वर्षांचा संशय जिभेवर बसलेला म्हणा. यांचा क्षय बरा झाला तेव्हा ती फिल्म मी कात्रीने कापली होती. पदरावरच्या कोयऱ्या सगळ्या सारख्या काढायच्या तर नमुना लागतो. कागदाचा नमुना फाटतो, फिल्मचा फाटत नाही. एका तुकड्याची कोयरी कापली. दुसरा तुकडा स्वयंपाकघरात फुटक्या काचेच्या जागी लावला. तिसऱ्याला कमळाची छिद्रं पाडून सानगडीच्या पुतणीला, मंदाला, रांगोळीसाठी दिला.

सकाळी डॉक्टर यांना भेटायला मागापाशी आले. खिळ्याला कोयरी टांगलेली. सवयीने हात गेला आणि सवयीनेच ती उजेडाकडे धरली.

“काकू,” ते म्हणाले, “या कोयरीला बरगड्या आहेत.”

मी खालीच बसले. सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. “काचेचा तुकडा तुम्ही काढून ठेवा. सानगडीला मी आत्ता जातो.”

मी म्हटलं, “मी पण येते. मंदा तुमच्या हाती काही नाही देणार.”

“का बरं?”

काय सांगू! मीच तिला निरोप धाडला होता, की चांदीवाला डॉक्टर आला तर चिंधीसुद्धा देऊ नको. दवाखान्यातून सुट्टी काढून डॉक्टरांनी मोटारसायकल काढली. मी जन्मात पहिल्यांदा तिच्यावर बसले, नऊवारी सावरत. सानगडीला पोचलो. मंदाने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, “काकू, हाच का वो तो चांदीवाला?”

डॉक्टरांनी हात जोडले. “हो ताई, तोच मी. पण चांदी तुम्हीच ठेवा, मला एकदा नुसती पाहू द्या.”

कमळाच्या छिद्रांत पांढरी रांगोळी दाटली होती. त्यांनी रुमालाने एक-एक पाकळी पुसली.

घरी येऊन पूर्वेच्या खिडकीच्या काचेवर तिन्ही तुकडे चिकटपट्टीने जोडले. यांची तरुणपणची छाती, मधे कोयरी, वर कमळ. डाग नेमका कात्रीखाली आला होता, अर्धा कोयरीच्या देठाशी, अर्धा कमळाच्या दोन पाकळ्यांमधे. शेजारी नवी फिल्म लावली. डॉक्टर पट्टी घेऊन मोजत राहिले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मला वाटलं, हा माणूस आता मात्र नक्की काही लपवून राहिला.

यांना राहवलं नाही. “बोला ना डॉक्टर.”

“दिसतंय तेवढं सांगतो, काका. हा डाग तेव्हाही होता. तेवढाच होता. जुन्या क्षयाचा वण दिसतो. सुईची घाई नको, असं मी नागपूरला लिहितो. पण दर सहा महिन्यांनी फिल्म काढायची, दोन वर्षं. चुकवायची नाही.”

नागपूरच्या डॉक्टरांनीही दोन्ही पाहिल्या आणि मानलं. डाग वाढला नाही. लुगडं पुरं झालं. त्यानंतरही कितीतरी झाली. हे गेले ते म्हातारपणाने गेले, त्या डागाने नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही फिल्म लाल धाग्याने बांधल्या आणि यांना विचारलं, “काका, ही जोडी अभ्यासात घेऊ? आधी ‘नाही’ म्हणून पाहा.” हे इतक्या जोरात ‘नाही’ ओरडले की खोकल्याची उबळ आली. मग हसत म्हणाले, “घ्या बापा, घ्या.”

पुढे दवाखान्यात कॉम्प्युटर आला, डॉक्टरांची बदली झाली. जाण्याआधी आठ दिवस ते पेटी बांधून गावोगाव फिरले आणि ज्याचं पाकीट त्याच्या हाती परत दिलं. सिंधूबाई म्हणाली, “चांदी काढून झाली असंल, मंग वापस करून राहिला.” आणि खरं सांगू? आमचं पाकीट मीसुद्धा गुपचूप खिडकीकडे धरून पाहिलं. लागलेली सवय अशी थोडीच जाते!

आता ते कुठे आहेत ठाऊक नाही. कोणी म्हणतं लेकाकडे गेले, कोणी म्हणतं वारले. उजेडात धरल्याशिवाय मी दोन्ही मानत नाही.

मागच्या महिन्यात माझा खोकला थांबेना, म्हणून नागपूरला नेलं. डाव्या बाजूला डाग निघाला. तिथली डॉक्टरीण नातीएवढी. स्क्रीनकडे पाहत विचारते, “आजी, जुनी फिल्म आहे का?”

मला हसू आलं. तिला वाटलं आजी घाबरली. आता तिला काय सांगू, की माझी जुनी फिल्म म्हणजे स्टीलची एक वाटी आहे? रोज त्यात दही लावते. एका माणसाने फिल्म मागितली होती, मी ‘नाही’ म्हटलं, आणि त्याने ते ‘नाही’ वहीत जपून ठेवलं. फिल्म मला जपता आली नाही.

ती म्हणाली, “तीन महिन्यांनी परत काढू, मग जोडून पाहू.” म्हणजे आत्ताची ही जुनी होणार आणि पुढची नवी. लाल धागा काढून ठेवला आहे. तोवर तुम्ही पुन्हा या. खोकल्याच्या भीतीने येणार नसाल तर तसं तोंडावर ‘नाही’ म्हणा, मी रागावते का बघा. पण या लवकर. सकाळचे या, पूर्वेच्या खिडकीत तेव्हा उजेड चांगला असतो. आणि येताना गादीखालचं ते पाकीट घेऊन या.