ढालीवरचा चौकोन

अर्थ कळल्याशिवाय तुळसकरमामा सुईत दोरा ओवत नसत. आखातात, हमरियातल्या आमच्या एम्ब्रॉयडरीच्या दुकानात शाळांचे, क्लबांचे बिल्ले भरून मिळायचे. रुस्ताकच्या एका फुटबॉल टीमला सिंह हवा होता. मामा त्या दांडग्या पोरांना म्हणाले, "शेर किसलिए? मतलब बोलो, फिर सुई लगाएगा." पोरं हसत हसत खजुराचं झाड ठरवून गेली.

मामा वेंगुर्ल्याकडचे. मी पुण्याची, कॉम्प्युटरवर डिझाइन काढणारी. देश सोडून जाताना एका इंग्रज गिऱ्हाइकानं त्यांना सरदार घराण्यांच्या ढालचिन्हांवरचं जुनं पुस्तक दिलं होतं. मामांना इंग्रजी येत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डबा पुढ्यात ठेवून म्हणायचे, "वाच गो बाय, आज खयची ढाल?" मी वाचून मराठीत सांगायची. मी चुकले की चित्रावरून त्यांना बरोबर कळायचं.

त्या वर्षी गावी मामी आजारी पडल्या. मामांनी रजा मागितली. आमचे साहेब मुंबईचे, बोलायला गोड. "नॅशनल डेची ऑर्डर खलास झाली की तुमचं तिकीट. शब्द देतो, मामा." मामांनी सोळा-सोळा तास बसून ऑर्डर संपवली. साहेबांनी तोवर निझवा गावाची दुसरी ऑर्डर घेऊन ठेवली होती. "आणखी आठच दिवस. यल्ला, चला कामाला!" पाचव्या दिवशी मामी गेल्या. अंत्यविधी मामांनी मोबाइलवर पाहिला, मशीनशेजारी उभं राहून. तेव्हापासून साहेबांचा आवाज ऐकला तरी माझं डोकं फिरायचं.

काही महिन्यांनी साहेबांना घराण्याचं ढालचिन्ह हवंसं वाटलं. क्लबात जायच्या ब्लेझरवर. "काहीतरी रॉयल पाहिजे, ब्रिटिश टाइप." मामा त्यांना अर्थ विचारतील म्हणून मी वाट पाहिली. मामांनी विचारलं नाही. साहेब गेल्यावर पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "तो डेल्फ काढ."

डेल्फ म्हणजे ढालीच्या मधोमध पिवळट तपकिरी चौकोन. दिलेला शब्द मागे घेणाऱ्याच्या ढालीवर तो बसवायचा, असं पुस्तकात होतं. खाली असंही होतं की प्रत्यक्षात हे चिन्ह बहुधा कोणी वापरलंच नाही, कारण स्वतःची बेअब्रू छातीवर कोण मिरवणार?

"ह्यो मिरवतलो," मामा म्हणाले.

मी चौकोन काढला. मला जराही लाज वाटली नाही. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं तेव्हा सांगितलं, "जुनं चिन्ह आहे सर, फार दुर्मीळ." ते खूश झाले. पुढची दोन वर्षं ती ढाल ब्लेझरवर होती, व्हिजिटिंग कार्डावर होती, मुलाच्या लग्नपत्रिकेवरही होती. पत्रिका हातात आली तेव्हा मामांनी ती नीट पुसून ड्रॉवरमध्ये ठेवली. मी तर आनंदानं दोन मागून घेतल्या.

मामा कायमचे परत निघाले त्या दिवशी साहेब तोच ब्लेझर घालून केक घेऊन आले. सगळा स्टाफ जमला. "मामा, दोन शब्द बोला!"

मामा पुढे झाले, साहेबांच्या छातीवर बोट टेकवलं. "साहेबानू, हो चौकोन जो शब्द फिरवता, तेच्या ढालीवर घालतत. मिया मुद्दाम घातलंय. तुमी माका शब्द दिलास, आणि माझी बायल माझी वाट बघत गेली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

"हो सर. पान काढून दाखवू?"

त्यांनी ब्लेझर उतरवला. कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. मग हळूच म्हणाले, "मामा, आय अ‍ॅम सॉरी."

"माका कित्याक सांगतास? तिका सांगा." मामांनी बॅग उचलली.

एअरपोर्टला मीच सोडलं. माझ्या अंगात अजून जोर होता, सिग्नलला थांबल्यावर म्हटलं, "कसा चेहरा पडला त्याचा! बरं वाटलं ना, मामा?"



"नाय," ते म्हणाले. "पण तां करूक व्हयाच हुतां."